यंत्रासह आणि यंत्रावाचून



कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन हाती आले म्हणजे आपले कसब वाढले, असे कामगाराला वाटू लागते. हे वाटणे कितपत भरवशाचे, याची तपासणी २०२५ साली अमेरिकेतील ‘मीटर’ नावाच्या संशोधनसंस्थेने केली. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे १६ अनुभवी कारागीर तिने निवडले. त्यांच्या नित्य परिचयाची २४६ कामे घेतली. कोणत्या कामात यंत्राचे साह्य घ्यावयाचे आणि कोणत्यात नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले. २४ टक्के वेळ वाचेल, हा कारागिरांचा आधीचा अंदाज. काम हातावेगळे झाल्यावरही २० टक्के वाचला, असेच ते सांगत होते. प्रत्यक्षात १९ टक्के अधिक लागला होता! प्रयोग लहान होता, साधनेही तेव्हापासून बदलली. वेगाचा मुद्दा म्हणून गौणच. मुरलेल्या कारागिराला स्वतःच्या कामाचे माप कळू नये, ही चिंतेची बाब.

म्हणून साधन टाकून द्यावे, असे मुळीच नाही. ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देणाऱ्या पाच हजारांवर नोकरदारांचा एक अभ्यास २०२३ मध्ये पुढे आला. नवख्यांचे काम त्यात ३४ टक्क्यांनी वाढले. मुरलेल्यांचे जवळपास होते तेथेच राहिले. यंत्र शिकले होते ते या मुरलेल्यांच्याच संभाषणांवरून. त्यांचे कसब नवख्यांच्या हाती गेले, हे चांगलेच झाले. पण मूळ धन्याच्या पदरात काय पडले?

पोलंडमधील चार केंद्रांचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अनुभव अधिक गंभीर आहे. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत यंत्राची साथ सुरू झाली. त्यानंतर यंत्रावाचून केलेल्या तपासण्यांत पुढे कर्करोग होऊ शकेल अशा गाठी सापडण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले. यंत्र हेच कारण, असे एवढ्यावरून ठरत नाही. परंतु यंत्र बाजूला ठेवून मोजले नसते, तर ही घट दिसलीच नसती.

तेव्हा कौशल्याची परीक्षा दोन्ही प्रकारे व्हावयास हवी. यंत्राची चूक पकडता येते काय, त्याचे उत्तर नाकारण्याचे धैर्य होते काय, हेही तीत यावे. पण यंत्रावाचून आता मसुदा जमत नाही, असे प्रांजळपणे सांगणाऱ्या कारकुनाची वेतनवाढ उद्या रोखली जाणार असेल, तर तो खरे कशाला सांगेल? प्रामाणिक मोजमाप मागणाऱ्या व्यवस्थापनाने आधी अभय द्यावे. शिकण्याचा आणि हात चालता ठेवण्याचा वेळ कामाच्या तासांत धरला जावा, परीक्षेचा निकाल नोकरकपातीसाठी वापरू नये, नोंदी कामगार-प्रतिनिधींना खुल्या असाव्यात. संघटनांनी पुढील वेतनकराराच्या मसुद्यातच या अटी लेखी घालाव्यात.