चाली लावणारे पु. ल.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. बालपण जोगेश्वरीला सरस्वती बागेत आणि पुढे विलेपार्ल्यात गेले; शाळा पार्ले टिळक विद्यालय. आजोबा वामन मंगेश दुभाषी ऊर्फ 'ऋग्वेदी' यांनी रवींद्रनाथांची 'गीतांजली' मराठीत अभंगरूपाने आणली होती. घरात शब्दाचा असा वारसा, तर सूर आले पेटीमुळे. भास्कर संगीतालयाच्या दत्तोपंत राजोपाध्यांकडे त्यांनी पेटीचे धडे घेतले. पेटीची साथ करणाऱ्याला गाणारा दम कुठे घेतो आणि शब्द कुठे टेकवतो, हे बोटांतून कळते. पुलंच्या चाली ऐकताना हे जाणवते.

'माझिया माहेरा' ही त्यांची गाजलेली सुरुवातीची चाल. शब्द राजा बढे यांचे, गळा ज्योत्स्ना भोळे यांचा. चित्रपटात ते नट, लेखक आणि संगीतकार म्हणून वावरले. १९५३ हे वर्ष विशेष भरभराटीचे. 'देवबाप्पा'तले 'नाच रे मोरा' आशा भोसले यांनी गायले. पोरांना सहज म्हणता येईल अशी सोपी, उड्या मारणारी ही चाल आज घरोघर ठाऊक आहे. ती पुलंची, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्याच वर्षी 'गुळाचा गणपती' आला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका, सारे त्यांचेच. त्यातल्या गदिमांच्या 'इंद्रायणी काठी'साठी त्यांनी एकतिशीतल्या भीमसेन जोशींचा खयालाचा गळा निवडला. भजनाचा साधेपणा राखून त्या गळ्याला मोकळीक देणे सोपे नव्हते. मराठी चित्रपटातला अभंग याहून सुंदर क्वचितच झाला असेल.

त्यानंतर त्यांनी चित्रपट सोडला आणि १९५५ मध्ये ते आकाशवाणीत आले. मंगेश पाडगावकरांच्या 'बिल्हण' या संगीतिकेला त्यांनी संगीत दिले. तिच्यातले 'शब्दावाचून कळले सारे' जितेंद्र अभिषेकी यांनी गायले. 'माझे जीवन गाणे' हेही याच तिघांचे. या चालींत सूर कवितेच्या पुढे धावत नाही, तिच्याबरोबर चालतो.

पुढे लेखन आणि एकपात्री प्रयोग यांनी त्यांचा वेळ घेतला. १९६५ मध्ये 'व्यक्ती आणि वल्ली'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि संगीतकार पु. ल. लेखकाच्या सावलीत गेले. पेटी मात्र सुटली नाही. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.