सासनकाठीची दोरी



चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळचा वाडी रत्नागिरीचा डोंगर, म्हणजे आपला जोतिबा, गुलालानं न्हाऊन निघतो. गेल्या यात्रेला माझा सात वर्षांचा नातू बरोबर होता. त्याची नजर खिळली ती सासनकाठीवर. एवढा उंच वेळू एकटा गडी पेलतोय, असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, "दोऱ्या बघ." काठीला बांधलेल्या दोऱ्या चारी बाजूंनी माणसं ताणून धरतात. एकानं ढिली सोडली की काठी कलते. एकानं जास्त ओढली, तरी कलते. "मग दोरीवाल्यांकडं कुणीच का बघत नाही?" त्यानं विचारलं.

खरं आहे. आपण मुलांना देशभक्ती शिकवतो, ती काठी पेलणाऱ्याची. दोरी धरणारे राहूनच जातात.

जोतिबाजवळच पन्हाळा आहे. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटावेत, म्हणून त्यांच्यासारखा वेष करून पालखीत बसला तो शिवा काशीद. ही गोष्ट सांगताना सनावळीवर थांबू नका. मुलांना विचारा, "पालखी उचलली तेव्हा त्याला भीती वाटली असेल का?" मूल क्षणभर गप्प होतं. भीती वाटत असतानाही माणूस बसून राहू शकतो, हे त्या गप्प बसण्यात त्याला उमगतं.

शाळेत रोज प्रतिज्ञा होते, पण पाढे म्हणावेत तशी. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये मूळ तेलुगूत लिहिली, हे किती मुलांना ठाऊक असतं? गुरुजींनी आठवड्याला तिच्यातला एकच शब्द घ्यावा. या आठवड्यात 'मान'. शाळा झाडणाऱ्या मावशींचं नाव काय, त्यांना आपण हाक कशी मारतो, एवढं जरी बोललं तरी तास सार्थकी लागला.

यात्रेत आमच्या शेजारी एक कानडी कुटुंब बसलं होतं. त्यांच्या पोरानं "नीरु" म्हणत नातवापुढं पाण्याचा तांब्या धरला. आता आमच्या घरी हा पठ्ठ्या पाण्याला नीरुच म्हणतो. देशाचा एवढा तुकडा त्याच्या जिभेवर कायमचा बसला.

याच कोल्हापुरात १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. मुलांकडून देशप्रेमाची अपेक्षा करण्याआधी राजानं आपल्या हातातली दोरी घट्ट धरली होती. आपण मात्र पोराला मागं बसवून एकेरी रस्त्यात उलटी गाडी घालतो आणि पंधरा ऑगस्टला त्याच्या छातीवर तिरंगा लावतो. पोर दोन्ही बघतं. त्यातलं रोजचं काय, हे त्याला बरोबर कळतं.

शेवटी माझीच गोष्ट सांगतो. डोंगर उतरताना हातातली रिकामी बाटली मी हळूच कठड्यावर ठेवली आणि पुढं निघालो. मागून आवाज आला,

"आजोबा, दोरी सोडलीसा की!"

मुकाट्यानं मागं फिरलो आणि बाटली उचलली.