सांधणे आणि झाकणे

गेल्या पावसाळ्यात माझा पुतण्या दिल्लीतील एका वळणावर मोटारसायकलवरून घसरला. सुदैवाने खरचटण्यापलीकडे त्याला काही झाले नाही. परंतु गाडीच्या डाव्या अंगाचे आवरण, ज्याला फेअरिंग म्हणतात, ते वीतभर तडकले. गाडी त्याने विकावयास काढलेली होती. तो म्हणाला, “काका, लांबी भरून वर रंग मारला की कोणाला कळणार आहे?” या प्रश्नाने आम्हा दोघांचे दोन रविवार घेतले.

हे आवरण केवळ शोभेचे नव्हे. गाडीचा वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. म्हणूनच इटलीतील मोतो गुत्सी कारखान्याने १९५० साली गाड्यांच्या परीक्षेसाठी वाऱ्याचा बोगदा उभारला. पुढचे चाकही झाकणारी शर्यतीची आवरणे आडव्या वाऱ्यात शिडासारखी फुगू लागली, तेव्हा १९५८ च्या हंगामापासून त्यांवर बंदी आली. पुढे शर्यतीत हलक्या फायबरग्लासची आवरणे रूढ झाली. नित्याच्या गाड्यांची आवरणे आज बहुधा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची असतात. पण त्यांची दुरुस्ती फायबरग्लासने उत्तम होते.

त्यामागचे तत्त्व आपल्याला नवे नाही. आपल्याकडे भिंतीच्या मातीत भुसा कालवीत, तो काय म्हणून? माती आकार धरते आणि काडी ताण सोसते. येथे मातीच्या जागी रेझिन आणि काडीच्या जागी काचेचा धागा, एवढाच भेद.

करोलबागेतील एका वृद्ध मिस्त्रीने आम्हांस कृती सांगितली. आवरण उतरवून, साबणाने धुऊन, त्यावरील तेलाचा अंश काढावा. चीर जेथे संपते तेथे तीन मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे ती पुढे धावत नाही. बाहेरून चिकटपट्टी लावून दोन्ही कडा जुळवाव्यात. आतल्या बाजूने चिरेवर उथळ खाच करावी आणि भोवतालचा भाग जाड काचकागदाने खरबरीत करावा. गुळगुळीत पृष्ठावर काही धरत नाही. पॉलिएस्टर रेझिन एबीएसला नीट चिकटत नाही, म्हणून इपॉक्सी घ्यावे. विणलेल्या काचकापडाचे दोन-तीन थर, चिरेच्या दोन्ही बाजूंस पाच सेंटिमीटर पसरतील असे, रेझिनमध्ये भिजवून बसवावेत आणि प्रत्येक थरातील हवेचे बुडबुडे ब्रशने दाबून काढावेत. मग दिवसभर त्याला हात लावू नये. बाहेरची लांबी आणि रंग हे अगदी शेवटचे काम.

पुतण्याला घाई. त्याने वाळावे म्हणून हार्डनर अंमळ जास्त ओतला. दुसऱ्या दिवशी थर चिकटच राहिला आणि सारा खरवडून काढावा लागला. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण ठरलेले असते. जास्तीचा हार्डनर काम लवकर उरकत नाही, बिघडवितो. आमच्या कचेरीतील काही कागदपत्रांचीही मला त्या वेळी आठवण झाली! खरवडताना तोंडावर मुखपट्टी आणि हातांत मोजे मात्र हवेतच. काचेची धूळ त्वचेला खाजविते आणि श्वासाबरोबर आत जाते.

काम पुरे झाले तेव्हा बाहेरून काही ओळखू येत नव्हते. मिस्त्री म्हणाला, “नुसती लांबी भरली असती तरी आज असेच दिसले असते. पण लांबीत बळ नसते. इंजिनाच्या थरथरीने महिन्यात चीर पुन्हा उघडते.” मग त्याने पुढचा काटा, हँडल आणि आवरणाचे पकडपट्टे तपासून घेण्यास बजावले. पडलेल्या गाडीची खरी इजा पुष्कळदा आवरणामागेच दडलेली असते. एक पट्टा वाकलेला निघाला. हँडल पूर्ण वळविले की तो घासत असे.

गिऱ्हाईक आले तेव्हा मी मुद्दाम गप्प बसलो. पुतण्या क्षणभर घुटमळला. मग आवरण उतरवून आतली काचेची ठिगळे त्याने स्वतःच दाखविली आणि बदललेल्या पट्ट्याची हकीकतही सांगितली. गिऱ्हाइकाने किंमत थोडी कमी केली, पण गाडी घेतली.

त्या संध्याकाळी पुतण्या जरा हिरमुसला होता. मी त्याला एवढेच म्हणालो, “अरे, ती गाडी घेणाराही कोणाचा तरी पुतण्या असेल.” त्यावर तो काही बोलला नाही, पण उरलेले काचकापड त्याने नीट घडी घालून कपाटात ठेवले.