धौ: आधी ओळख, मग कुऱ्हाड



फौजेत एक गोष्ट पहिल्यापासून घोटवून घेतात. समोरचा आपला की परका, याची ओळख पटल्याशिवाय गोळी झाडायची नाही. नोकरीभर मी हा नियम पाळला. निवृत्त होऊन गुरुग्रामला राहायला आलो आणि पहिल्याच वर्षी तो मोडला. त्याची ही गोष्ट.

आमच्या वसाहतीमागे अरवलीचा एक खडकाळ उतार आहे. तिथं झाडं लावायचं ठरलं आणि 'कर्नलसाहेब' म्हणून काम माझ्याकडे आलं. उतारावर गुडघ्याएवढी झुडपं खडकाला चिकटून पसरली होती. मी म्हटलं, "हा कचरा काढा." दोन दिवसांत उतार साफ झाला आणि आम्ही गुलमोहराची रोपं लावली. तिसऱ्या दिवशी शेळ्या चारणारे एक म्हातारे बाबा तिथं थांबले. "फौजी साब, ये तो धौ था," एवढंच बोलून ते पुढे गेले.

घरी येऊन पुस्तकं काढली. धौ, शास्त्रीय नाव अनोगायसस पेंड्युला, म्हणजे आपल्या धावड्याचा सख्खा भाऊ. मी साताऱ्याकडचा. धावड्याचा डिंक आई थंडीत लाडवांत घालायची. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा, बैलगाडीची आसही धावड्याची. त्याच घरातलं झाड समोर होतं आणि मी त्याला कचरा म्हटलं!

ते झुडूप का दिसत होतं, हेही मग समजलं. गुरं-शेळ्या सतत खात राहिल्या की धौ उभा वाढत नाही. तो जमिनीलगत, खडकावर चटईसारखा पसरतो. चराई थांबली की त्याच चटईतून खोडं वर येतात. त्यामुळे गुडघ्याएवढं झुडूप वयानं बरंच जुनं असू शकतं. शिवाय त्याचं बी फार कमी रुजतं. धौ पसरतो तो मुख्यतः मुळांतून फुटणाऱ्या कोंबांनी. म्हणून तो एकदा उपटला की रोपवाटिकेतून सहज परत आणता येत नाही.

आता ओळख कशी पटवायची?

दिल्लीच्या रिजवर सगळ्यात जास्त दिसते ती विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ. ती मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती इथं लावली. तिला काटे असतात, पान बारीक पर्णिकांचं आणि शेंगा लांब. धौला काटे अजिबात नाहीत. पान साधं, लंबगोल, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचं. धावड्याचं पान याहून बरंच मोठं. धौच्या फांद्यांची टोकं खाली झुकलेली असतात. 'पेंड्युला' म्हणजे लोंबणारा. फुलं बारीक, गोल गुच्छांत. हिवाळ्यात पानं तांबूस होतात, तेव्हा अख्खा उतार लांबूनही ओळखता येतो.

पूर्ण वाढलेला धौ बघायचा तर गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्याजवळच्या मांगर बणीत जा. ही तिथल्या गुज्जर गावांची देवराई. गुदडिया बाबांचं स्थान म्हणून इथली फांदीही तोडायची नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक आहे. आपल्या मावळातल्या देवराया आठवतात. त्या दंडकामुळे राजधानीला खेटून धौचं सलग जंगल उभं आहे. गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानात, जिथं पूर्वी खाणी होत्या, तिथंही लोकांनी मेहनतीनं धौ परत आणला आहे.

आमच्या उताराचं काय झालं? मूळच्या मादागास्करच्या गुलमोहराची बहुतेक रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली. जिथं मजुरांची कुदळ खडकात शिरली नव्हती, तिथं मुळं शाबूत होती. पावसात तिथून कोंब फुटले. आम्ही तेवढ्या भागाला कुंपण घातलं. आज काही खोडं माझ्या खांद्याला लागतात. बाकीचा उतार उघडाच आहे आणि ती चूक माझी आहे.

तुम्ही नागपूरला असा, इंदूरला किंवा बेळगावला. झाडं लावायला निघालात तर एक करा. आधी तिथं काय उगवलेलं आहे ते बघा. त्या जागेवर गुरं चारणाऱ्याला, जुन्या शेतकऱ्याला नाव विचारा. मी त्या बाबांना दोन दिवस आधी विचारायला हवं होतं.