ख्रिस्ती मंडळीचें ऐक्य



ख्रिस्ती मंडळीच्या ऐक्याविषयीं बोलावयाचें म्हणजे आधीं तिच्या फाटाफुटीविषयीं बोललें पाहिजे. माझ्या हिंदु स्नेह्यांस नेहमीं एक कोडें पडतें. तुमचा ख्रिस्त एक, बायबल एक, मग एकाच गांवांत तुमचीं देवळें तीन कां? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें खरें उत्तर आम्हांस फारसें भूषणावह नाहीं.

१८१३ सालीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. त्यांचा पंथ काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपण पाहणार. १८२३ सालीं स्कॉटिश मिशनरी कोंकणांत बाणकोट येथें आले. ते प्रेस्बिटेरियन, त्यांच्यांत निवडलेल्या वडिलांची सभा कारभार पाहते. इंग्लंडच्या मंडळीचे लोक बिशपांचा अधिकार मानणारे. मागाहून मेथडिस्ट आले. हे भेद युरोपांतल्या राजांच्या आणि धर्मसभांच्या भांडणांतून निपजलेले; त्यांच्याशीं आपल्या मुलखाचा कांहींएक संबंध नव्हता.

येथें आल्यावर एकाच्या पायांत दुसऱ्याचा पाय नको म्हणून मिशनांनीं मुलूख वांटून घेतला. ही वांटणी सर्वत्र पाळली गेली असें नाहीं. अहमदनगर जिल्ह्यांत, ज्यास आज अहिल्यानगर म्हणतात, अमेरिकन मिशन व इंग्लंडचें एस. पी. जी. मिशन यांच्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बरीच कटकट झाली. पण सामान्यतः ज्याच्या तालुक्यांत ज्या मिशनची शाळा, तो त्या मिशनचा झाला. नगरकडचा शेतमजूर काँग्रिगेशनल झाला व कोल्हापुराकडचा प्रेस्बिटेरियन, तो कांहीं धर्मशास्त्राचा ऊहापोह करून नव्हे. नकाशावरच्या रेघेनें दिलेला पंथ दोन पिढ्यांत वाडवडिलांचा वारसा ठरला, आणि मग त्याचा अभिमानहि वाटूं लागला. वारशाच्या अभिमानापुढें युक्तिवाद चालत नाहीं, हें आपण घरोघर पाहतों.

असें असूनहि कामें मिळून होत होतीं. मराठी बायबलाचें भाषांतर तपासावयास निरनिराळ्या मिशनांचे लोक एका मेजाभोंवतीं बसत. परंतु माझ्या मतें सर्वांत मोठें काम भजनांनीं केलें. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मिशनच्या मंडळींत. त्यांनीं इंग्रजी चालींचीं उसनीं गीतें बाजूस सारून ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणाचीं भजनें रचलीं, आणि तीं पंथांचीं कुंपणें ओलांडून गेलीं. 'उपासना संगीत' हातांत घेऊन गाणाऱ्या बाईस अमुक भजन कोणत्या पंथाच्या माणसानें रचलें हें ठाऊक नसतें, व विचारावेंसेंहि वाटत नाहीं. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसहि स्थान होतें. मिशनच्या पुष्कळ मंडळींस हें पसंत पडलें नाहीं.

१९१९ च्या मे महिन्यांत टिळक वारले. त्याच महिन्यांत, त्यापूर्वीं थोडेच दिवस, दक्षिणेंत तरंगमबाडी येथें कांहीं पाळक जमले होते. बहुतेक सर्व हिंदी. बिशप अझरय्या त्यांचे अग्रणी. १९१२ सालीं ते दोर्नकलचे बिशप झाले, आणि अँग्लिकन मंडळीचे ते पहिले हिंदी बिशप होत. परक्यांनीं आणलेले हे भेद आम्ही कां वाहावे, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्या बैठकीपासून चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन होईपर्यंत अठ्ठावीस वर्षें लागलीं. स्थापना झाली २७ सप्टेंबर १९४७ रोजीं मद्रासेंत, देश स्वतंत्र झाल्यावर सहाच आठवड्यांनीं. अझरय्या १९४५ च्या आरंभींच निवर्तले होते.

अठ्ठावीस वर्षें कशांत गेलीं? मुख्य गांठ होती पाळकदीक्षेची. अँग्लिकन परंपरेंत बिशपानें डोक्यावर हात ठेवल्यावांचून कोणी पाळक होत नाहीं. प्रेस्बिटेरियनांस हें बंधन मान्य नाहीं. आतां दोघांनीं एक व्हावयाचें, तर प्रेस्बिटेरियन पाळकास पुन्हां दीक्षा घ्या म्हणून सांगावें काय? तसें सांगितलें तर त्यानें आजवर वाढलेलें प्रभुभोजन उणें होतें असें कबूल केल्यासारखें होतें. न सांगावें, तर दुसऱ्या पक्षाच्या श्रद्धेस धक्का. बाहेरून पाहणाऱ्यास ही निव्वळ शब्दांची ओढाताण वाटेल. पण ज्या हातून आपल्या मरणासन्न आईनें प्रभुभोजन घेतलें, तो हात अधिकारी होता कीं नव्हता, हा प्रश्न कोणाहि मुलास शब्दांचा वाटणार नाहीं.

दक्षिणेनें सरळ मार्ग घेतला. आज जे पाळक आहेत ते जसेच्या तसे पाळक. यापुढील दीक्षा मात्र बिशपांच्या हातून. म्हणजे एक पिढीभर दोन तऱ्हेचे पाळक शेजारीं शेजारीं काम करणार, आणि भेद काळच पुसणार. इंग्लंडांतील मंडळीस हें रुचलें नाहीं. पुष्कळ वर्षें तिनें दक्षिणेच्या मंडळीशीं पूर्ण संबंध ठेवला नाहीं.

उत्तरेकडे १९२४ सालींच प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या होत्या. १९२९ सालीं लखनौ येथें अधिक व्यापक बोलणीं सुरू झालीं, तीं पुरीं व्हावयास १९७० साल उजाडलें. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्यें सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. (नागपूर-मुंबईस उत्तर हिंदुस्थान म्हणावयाचें हें ऐकून आपणांस हंसूं येईल, मलाहि येतें.) येथें दीक्षेची गांठ निराळ्या रीतीनें सोडविली. सर्वच मंडळ्यांच्या सेवकांनीं, बिशपांनींसुद्धां, इतरांचे हात आपल्या डोक्यावर घ्यावे आणि ज्यास जें उणें असेल तें देवानें पुरवावें, अशी प्रार्थना करावी. कोणाचें काय उणें होतें, हें मात्र कोणीं बोलावयाचें नाहीं. टीकाकार यास पळवाट म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. बिशपासहि दुसऱ्याकडून कांहीं घ्यावयाचें आहे, इतकें त्या एका कृतींत मान्य झालें. ग्रंथ लिहून तें झालें नसतें. बाप्तिस्म्याच्या बाबतींत बॅप्टिस्टांसारख्या कांहीं मंडळ्या जाणत्या वयांतला बाप्तिस्मा मानणाऱ्या व बाकीच्या तान्ह्या मुलांसहि देणाऱ्या. तेथें दोन्ही रीति चालूं ठेवल्या.

अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बोलण्यांत अखेरपर्यंत होते आणि त्याच वर्षीं ऐन वेळीं बाहेर राहिले. १९८१ सालीं त्यांची मेथडिस्ट चर्च इन इंडिया ही स्वतंत्र मंडळी झाली. रोमन कॅथॉलिक मंडळीनें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेंत १९६४ सालीं ऐक्याविषयींचें आपलें फर्मान काढलें; तेव्हांपासून जानेवारीच्या १८ ते २५ तारखांच्या प्रार्थनासप्ताहांत पुष्कळ शहरांत ते व आम्ही एकत्र बसतों. पूर्वीं हें घडणें अवघड होतें.

आतां जरा अप्रिय बोलतों. एक झालेल्या मंडळींत सोयरिकीची वेळ आली म्हणजे पूर्वाश्रमीची जात अजून हळूच विचारली जाते. या बाबतींत नागपूरच्या ठरावांचा उपयोग झालेला नाहीं, व असल्या ठरावांचा होतहि नसतो.

दुसरी गोष्ट मालमत्तेची. मिशनांनीं ठेवलेल्या शाळा, दवाखाने, देवळें व मोकळ्या जागा निरनिराळ्या विश्वस्त संस्थांच्या नांवें होत्या. ऐक्याचा ठराव झाला, म्हणजे तीं आपोआप नव्या मंडळीचीं झालीं, असें लोकांनीं धरून चाललें. गुजरातेंतील ब्रदरन मंडळीच्या दाव्यांत २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें याच्या उलट निकाल दिला. नुसत्या ठरावानें जुनी विश्वस्त संस्था विसर्जित होत नाहीं व तिची मालमत्ता दुसरीकडे जात नाहीं. कायद्यानें घालून दिलेली रीत पाळावी लागते. त्रेचाळीस वर्षें एका मेजावर प्रभुभोजन घेतलेल्या लोकांस कोर्टानें सांगावें लागलें कीं तुमचें ऐक्य दप्तरीं पोहोंचलेलेंच नाहीं.

या निकालास कांहीं लोक धर्मावरचा घाला म्हणतात. मी त्यास आमच्या आळसाचा पंचनामा म्हणतों. भक्तीचें बोलणें आम्हांस आवडतें, हिशेबाचें आवडत नाहीं. आणि भांडण मात्र बहुधा हिशेबांतूनच निघतें. पुष्कळ ठिकाणीं ट्रस्टची मूळ घटना इंग्रजींत आहे, ती एखाद्या पेटींत पडलेली असते, आणि बांकावर बसणाऱ्या शंभरांतल्या पांचांनींहि ती पाहिलेली नसते. ती मराठींत करून घ्यावी. उपासना संपल्यावर एका रविवारीं वडिलांनीं ती सर्वांसमोर वाचावी, कोणती जागा कोणाच्या नांवें आहे तें सांगावें, आणि बायकांसहि प्रश्न विचारूं द्यावे. देवळाच्या आवाराची झाडलोट बहुतेक ठिकाणीं त्याच करतात, आणि कुंपण कोठें सरकलें तें त्यांना आधीं दिसतें.