मेली कोण, फोटो कुणाचा?

सोनपेठहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

१० नोव्हेंबर २०२१ची गोष्ट. आमच्यातल्या एकीच्या मोबाईलवर आलं, कुस्तीगीर निशा दहियाला गोळ्या घालून मारलं. सोबत तिचा फोटो. नुकतंच तिनं बेलग्रेडला २३ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेलं. आम्ही हळहळलो आणि, खरं सांगतो, काही न विचारता ती बातमी पुढं ढकलली.

थोड्या वेळानं निशाचाच व्हिडिओ आला, 'मी ठीक आहे' म्हणून. ती राष्ट्रीय स्पर्धेसाठी उत्तर प्रदेशात गोंड्याला होती. त्या स्पर्धेत ६५ किलो गटाचं सुवर्णपदकही तिनं घेतलं.

मग मेली कोण? हरियाणात सोनीपतजवळ हलालपूरला त्याच नावाची दुसरी तरुण कुस्तीगीर मारली गेली होती, सोबत तिचा भाऊ. आरोप तिच्या प्रशिक्षकावर. नाव जुळलं, पदकवालीचा फोटो चिकटवला. एक फोन केला असता तर कळलं असतं, पण तेवढ्यात दुसरा चॅनल पुढं गेला असता ना! आणि जी पोरगी खरंच गेली, तिच्या घरचं पुढं काय झालं, ते आमच्या मोबाईलवर काही आलं नाही.

आमच्याकडं मात्र झालं. गटातल्या एका ताईची लेक तेव्हा आठवीत, खो-खो खेळायची. "कोचच गोळ्या घालतो म्हणं," असं म्हणून ताईनं तिचा सराव बंद केला. बातमी आम्हीच धाडलेली! दुरुस्ती कुणी धाडली नाही. पोरीचे चार महिने घरात गेले.

आता गटात ठरलंय. अशी बातमी आली की गाव कोणतं, तारीख कोणती, सांगितलं कुणी, हे बघायचं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात असेल तरच पुढं पाठवायची. चुकलो तर ज्यांना पाठवली त्यांनाच कळवायचं. लाज वाटते, पण कळवायचं.

१९ जानेवारी २०२५ला दिल्लीत आपल्या महिलांनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. नेपाळला ७८-४० हरवलं. कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. बैठकीत विचारलं, तर ही बातमी दोघींनाच माहीत. त्यातली एक ती ताई. लेकीनंच सांगितलं होतं तिला. ताई आता सरावाला मैदानाच्या कडेला बसते, शेंगा फोडत.