अंधारांतील तीन तास

सोव्हिएत संघराज्य १९९१ सालीं लयास गेलें. त्या राज्यांत आयुष्य घालविलेलीं वृद्ध माणसें जुन्या दिवसांविषयीं बोलूं लागलीं, कीं रांगा, टंचाई आणि भीति यांच्या पाठोपाठ चित्रपटगृहाची आठवण निघते, व तेथें मात्र त्यांचा आवाज मृदु होतो. ज्या राजवटीनें इतकें सोसावयास लावलें, तिच्याच चित्रपटगृहाची ओढ कां वाटावी?

यासाठीं त्या काळचें शहरांतील घर डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. एका बिऱ्हाडाच्या जागेंत अनेक कुटुंबें, प्रत्येकास एक खोली, स्वयंपाकघर समाईक. शेजाऱ्याच्या कानावर काय पडेल याची धास्ती सदैव. अशा माणसास थोड्या कोपेकांच्या तिकिटांत ऊबदार अंधार मिळे. आरंभीं सरकारी वार्तापट पाहावा लागे. मग मात्र पडद्यावर परका मुलुख दिसूं लागे.

हें दार सरकारनेंच उघडलें होतें. महायुद्धाच्या अखेरीस जर्मनींत हस्तगत केलेल्या संग्रहांतील चित्रपट पुढें जनतेस दाखविण्यांत आले. कारण देशी चित्रपट थोडे निघत आणि तिजोरीस पैसा हवा होता. त्यांत अमेरिकन टारझनपट होते. रानांत मोकळा हिंडणारा तो वीर पाहून मुलें त्याच्यासारखी आरोळी ठोकूं लागलीं. लेनिनग्राडमध्यें वाढलेले कवि जोसेफ ब्रॉड्स्की यांनीं पुढें एका निबंधांत आग्रहानें प्रतिपादिलें कीं, स्टालिनचा पगडा उतरविण्याचें काम क्रुश्चेव्ह यांच्या भाषणांहून टारझननेंच अधिक केलें.

स्टालिन १९५३ च्या मार्चमध्यें वारले. पुढल्या वर्षीं राज कपूर यांचा ‘आवारा’ तेथें गेला, व त्याचीं ६ कोटींहून अधिक तिकिटें खपलीं. ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची ती कथा, व त्यांतील लीला चिटणीस यांची आई, श्रोत्यांपैकीं अनेकांच्या स्मरणांत असेल. सरकारला त्यांत विषम समाजाचें चित्र दिसलें. परंतु कथेंतील न्यायाधीश म्हणतो, चोराचा मुलगा चोरच व्हावयाचा. आणि पुढें त्याच्याच घरीं ही समजूत खोटी ठरते. ज्या देशांत पित्यास ‘जनतेचा शत्रु’ ठरविलें कीं मुलाच्या शिक्षणाच्या व नोकरीच्या वाटा अडत, तेथें हा खटला पाहतांना एखाद्या प्रेक्षकाच्या मनांत काय आलें असेल? जें बोलतां येत नव्हतें, त्यासाठीं अंधारांत रडतां येत होतें. तें रडणें नायकासाठीं आहे कीं स्वतःच्या वडिलांसाठीं, हें शेजारच्या खुर्चीवरील माणसास कळण्याचें कारण नव्हतें.

यावर कोणी म्हणेल कीं, असें रंजन राज्यकर्त्यांच्याच सोयीचें. मन रमलें कीं तक्रार थंडावते. त्यांत तथ्य आहे. खेळ सुटल्यावर प्रेक्षक त्याच खोलींत व त्याच रांगेंत परत जाई. तथापि आपलें दुःख अन्यायाचें आहे, नशिबाचें नव्हे, एवढी ओळख घेऊन परतणारा माणूस अगदीं पूर्वीचाच राहत नाहीं.

१९९१ नंतर तेथील अनेक चित्रपटगृहांत फर्निचरचीं दुकानें व मोटारींचीं दालनें थाटलीं गेलीं. त्यांवरून जातांना एखादी वृद्धा क्षणभर थबकते, ती गेलेल्या राज्यासाठीं नव्हे. भोवतालीं शेंकडों माणसें असतांना जेथें तिला मनसोक्त रडतां आलें, ती जागा ती शोधीत असते.